कॅमेऱ्याची बॅग भरताना पाठीचाही विचार करा

पवनी परिसरात फोटोच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचं वर्ष कार्यक्रमांवर चालतं. रुयाड (सिंदपुरी) येथील महासमाधीभूमी महास्तूपाचा धम्म महोत्सव, १४ एप्रिलची जयंती, वैशाखातली बुद्ध पौर्णिमा, उन्हाळाभर मंगल परिणय. पाहुणे आले की जगन्नाथ टेकडीवरही फोटो हवे असतात. १९६९-७० च्या उत्खननात तिथे प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. टेकडी चढताना बॅग पाठीवरच असते. या कामात ऑर्डर केली तरच पैसे. कंबर धरली की ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, कॅमेऱ्याचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या वेळी आम्ही बॅगेबद्दल लिहीत आहोत.

आधी वजन करा

दोन मोठे कॅमेरे धरा, पावणेदोन किलो. लग्नात लागणारी २४-७० ची लेन्स सुमारे ८०० ग्रॅम, लांबचं टिपणारी ७०-२०० ची जवळपास दीड किलो. दोन फ्लॅश सेलसह किलोभर. इथेच पाच किलो झाले. रिकामी बॅग, चार्जर, जादा बॅटऱ्या आणि लाइटचा स्टँड धरला की आठ किलोंच्या पुढे जातं.

वजनकाट्यावर एकदा बॅगेसह उभे राहा, एकदा बॅगेविना. फरक म्हणजे बॅगेचं वजन. शाळकरी मुलांच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं, असं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. हेच माप आपण धरलं, तर ५५ किलोच्या तरुणाला साडेपाच किलो पुरे. तो आठ किलो घेऊन दहा-बारा तास उभा राहतो.

काय घ्यावं, काय ठेवावं

आदल्या रात्री कार्यक्रम कुठे आहे ते विचारा. विहाराच्या छोट्या सभागृहात लांबच्या लेन्सची गरज क्वचितच पडते. ती घरी ठेवा. मिरवणुकीला स्टँड नको. दुसरा कॅमेरा मात्र लग्नात सोडू नका. एक बंद पडला तर तो क्षण परत येत नाही. चार्जर आणि स्टँड वेगळ्या पिशवीत घालून कार्यक्रमस्थळी एका विश्वासू माणसाजवळ ठेवा.

एका खांद्यावरची बॅग एकाच बाजूला ओढते. मान आणि कंबर दुखायला लागते. दोन पट्ट्यांची, कमरेला पट्टा असलेली बॅग घ्या. जड लेन्स पाठीला लागून, मधल्या उंचीवर ठेवा. हलकं सामान बाहेरच्या बाजूला. मोटारसायकलवर पट्टे थोडे सैल करा, म्हणजे बॅगेचा तळ मागच्या सीटवर टेकेल. उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवा.

ऊन आणि आवाज

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. बॅगेत एक कप्पा शरीरासाठी ठेवा: पाण्याची बाटली, ओआरएसची पुडी, दुपट्टा, गूळ-शेंगदाणे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

बॅटऱ्याही उन्हाला भितात. गाडीच्या बंद डिकीत त्या ठेवू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका, आणि अंथरुणावर चार्जिंगला लावू नका. काही रिमोटमध्ये नाण्यासारखा सेल असतो. तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने गिळला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

मिरवणुकीत सगळ्यांत जास्त वेळ डीजेसमोर उभा असतो तो फोटोग्राफर. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो, असं मानतात. १०० डेसिबलला ती मुदत १५ मिनिटांवर येते. मेडिकलमध्ये कानात घालायचे बोळे मिळतात, ते बॅगेत ठेवा. फोटो काढून झाला की स्पीकरपासून बाजूला व्हा. लेझरच्या झोताकडे कॅमेरा रोखू नका; त्याने कॅमेऱ्याचा सेन्सर जळू शकतो आणि डोळ्यालाही इजा होते.

दुखणं कधी दाखवावं

कामानंतर खांदा भरून येणं एक-दोन दिवसांत ओसरतं. पण बोटांना मुंग्या येत असतील, कळ कमरेतून पायात उतरत असेल किंवा दुखणं दोन आठवडे राहिलं असेल, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरच्यांनी रात्री एवढंच विचारावं, "उद्या यातलं काय लागणार नाही?" जयंती समितीने आणि लग्नघरानेही फोटोग्राफरला बॅग ठेवायला सुरक्षित जागा, बसायला खुर्ची आणि वेळेवर जेवण द्यावं. पंगत उठल्यावर सगळ्यांत शेवटी त्याची आठवण येते, ही पद्धत आपण मोडू या.