होतकरू बास्केटबॉलपटूची पारख

आमच्या नवागाम भागातले पालक पुष्कळदा विचारतात, "सर, मुलगा उंच आहे, बास्केटबॉलमध्ये नाव काढील का?" केवळ उंचीवरून याचे उत्तर देणे धाडसाचे होय. १९७८ साली अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे पंधरा वर्षांच्या मायकेल जॉर्डनला शाळेच्या कनिष्ठ संघात ठेवून त्याच्या उंच सोबत्याला वरिष्ठ संघात घेतले होते. जॉर्डनची उंची पुढे वाढली, आणि खेळ तर जगाने पाहिला.

मुलगे साधारणतः तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढतात. जो लवकर वाढला तो आज गुण मिळवतो. बाकीचे गाठू लागले की तो मागे पडू शकतो. उलट, हातपाय एकाएकी लांबले की चांगल्या मुलाचाही नेम काही महिने चुकतो. त्या काळात त्याला संघाबाहेर काढू नये. एकदा सुटलेला मुलगा आपल्या वस्तीत मैदानावर सहसा परतत नाही. तो कामाला लागतो.

लहानांची परीक्षा मोठ्यांच्या साधनांनी घेणेही चूक. रिंग दहा फुटांवर असते. दहा वर्षांचा मुलगा मोठा चेंडू कमरेपासून ढकलतो आणि तीच खोड हाताला लागते. लहानांसाठी पाच नंबरचा चेंडू व २.६० मीटरवर रिंग असते.

मग पाहावे काय? माझ्या मते, शिकण्याचा वेग. आज वीस फ्री थ्रो मोजा, कोपराची एकच चूक दाखवा, आणि महिन्याने न सांगता पुन्हा पाहा. चूक गेली असेल तर ते आजच्या गुणांहून मोलाचे. डाव्या हाताने टप्पे देताना नजर वर राहते का, पास दिल्यावर तो उभा राहतो की मोकळी जागा शोधतो, हेही पाहा.

अशी पारख एका दिवसाच्या निवड चाचणीत व्हायची नाही. मुंबईच्या नागपाड्याचे उदाहरण घ्या. तेथे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नेबरहुड हाऊस स्थापले. पुढे त्याच दाट वस्तीत बास्केटबॉल घरोघरचा खेळ झाला. प्रशिक्षक बच्चू खान यांचे नाव आज तेथील महापालिकेच्या मैदानाला आहे. तेथलेच अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले व १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. घराजवळचे मैदान आणि तीच मुले वर्षानुवर्षे पाहणारा जाणता डोळा, एवढे असले की उंचीची पट्टी काढण्याची घाई उरत नाही.