ठराव आणि अंमलबजावणी : रावबहादूर बोले यांची कामगिरी

कायदेमंडळात ठराव संमत झाला म्हणजे काम झाले, असा मुलांचा समज असतो. ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांतील अंतर समजावून देताना मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद रावबहादूर सीताराम केशव बोले यांची कारकीर्द शिक्षकांस उपयोगी पडेल.

बोले हे मुंबईतील भंडारी समाजाचे पुढारी होत. गिरणी-कामगारांच्या हितासाठी व समाजसुधारणेसाठी ते झटत. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, त्याबद्दल भरलेल्या अभिनंदनसभेचे अध्यक्ष बोले होते. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्यास भेट दिले.

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांस करू द्यावा, अशी त्यात शिफारस होती. ११ सप्टेंबर रोजी सरकारने आपल्या खात्यांस तशी आज्ञा केली. स्थानिक संस्थांस मात्र केवळ सल्ला दिला.

महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. परंतु तळ्यावर पाऊल टाकण्याची सोय झाली नाही. म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला : अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांस सरकारी अनुदान देऊ नये. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच दिवशी परिषदेस आलेल्यांना मारहाण झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. तळ्यावरील हक्काचा निकाल उच्च न्यायालयात लागण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

बोले यांच्या यादीत शाळेचाही उल्लेख आहे, हे ध्यानात ठेवावे. वर्गातील बैठक, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि झाडलोटीची पाळी यांत भेद राहिला, तर संमत झालेला ठराव त्या गावापुरता कागदावरच राहतो. तेथे अंमलबजावणी करणारा अधिकारी शिक्षकच होय.