एक पाटी, दोन खडू : वेळ सांगणारा कोड थ्रेड-सेफ कसा करायचा?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडाऱ्यात कुणी विसरलेलं नाही. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलं आणि इकडे शहरात पाणी शिरलं. अशा वेळी पाणी किती आहे यापेक्षा ते किती वेगाने चढतंय हे जास्त महत्त्वाचं. वेग काढायला दोन नोंदी लागतात, आणि त्या दोन नोंदींच्या दोन अचूक वेळा.

समजा, असा प्रोग्राम तुम्हाला प्रोजेक्ट म्हणून मिळाला. दोन ठिकाणचे सेन्सर, दोन थ्रेड, भाषा सी. लॅबमध्ये विंडोज, नदीकाठच्या छोट्या बोर्डवर लिनक्स. पातळी मोजणं त्यातल्या त्यात सोपं. घोळ होतो तो वेळेत. कसा, ते बघू.

कॉम्प्युटरच्या पोटात वेळ म्हणजे नुसता एक आकडा : १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक वेळेनुसार, किती सेकंद झाले तो. म्हणून आकडा शून्य असेल तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच! या आकड्याचं तारीख-वार-तास असं रूपांतर 'लोकलटाइम' हे फंक्शन करतं. (महिने शून्यापासून मोजतात आणि वर्षातून १९०० वजा असतात, हे विसरू नका.)

आता गंमत अशी की लोकलटाइम उत्तर तुमच्या हातात देत नाही. ते स्वतःच्या एका स्टॅटिक जागेत लिहितं आणि तिचा फक्त पत्ता देतं. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये एकच पाटी टांगलेली आहे असं समजा. तुम्ही विचारलं, पाटीवर उत्तर लिहिलं गेलं. तुम्ही वाचणार तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्याने विचारलं. तुमचं पुसून त्याचं लिहिलं. तुम्ही वाचता ते त्याचं उत्तर.

मी हे लिनक्सवर मुद्दाम करून पाहिलं. एक थ्रेड सतत शून्य सेकंदाचं रूपांतर करतो, दुसरा १ जानेवारी २००० चं. पहिल्या थ्रेडला मधूनच २००० साल दिसतं! दर वेळी नाही, आणि हाच खरा धोका. डेमोच्या दिवशी सगळं ठीक, पुराच्या रात्री नोंदीवर भलतीच वेळ.

विंडोजवर व्हिज्युअल सी मध्ये प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र पाटी असते, त्यामुळे तिथे ही सरमिसळ होत नाही. पण एकाच थ्रेडमध्ये लागोपाठ दोनदा विचारून दोन्ही पत्ते जपून ठेवलेत तर दोन्हीकडे दुसरीच वेळ दिसते. फरक शून्य! आता त्या शून्याने पातळीतला फरक भागून पाहा.

उपाय काय?

आपली पाटी आपण घेऊन जायची. लिनक्सवर 'लोकलटाइम_आर' आणि विंडोजवर 'लोकलटाइम_एस' ही फंक्शन्स तुम्ही दिलेल्या जागेत उत्तर लिहितात. पण दोघांची तऱ्हा वेगळी :

१) लोकलटाइम_आर ला आधी सेकंद द्यायचे, मग जागा. विंडोजच्या लोकलटाइम_एस ला आधी जागा, मग सेकंद.

२) लोकलटाइम_आर ने शून्य पॉइंटर दिला तर काम फसलं. लोकलटाइम_एस ने शून्य दिलं तर काम फत्ते!

३) सी-११ च्या परिशिष्टातही लोकलटाइम_एस आहे, पण त्याचा क्रम विंडोजच्या उलट. म्हणजे नाव एक, गाव दुसरं.

४) विंडोजचं फंक्शन १९७० च्या आधीची वेळ घेत नाही, लिनक्सचं घेतं.

म्हणून हे फरक सगळ्या कोडमध्ये पसरू देऊ नका. स्वतःचं एकच छोटं फंक्शन लिहा, त्यात इफडेफ घालून विंडोज असेल तर हे, नाहीतर ते, आणि बाकी सगळीकडे तेच वापरा. सी-२३ ने लोकलटाइम_आर प्रमाण भाषेत घेतलं आहे, पण जुने कंपायलर अजून बरीच वर्षं भेटतील.

साडेपाच तास हाताने मिळवू नका

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, सरळ साडेपाच तास मिळवा! आजच्या नोंदींना ते चालेल. पण भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची, आणि मुंबईने तर आपली वेगळी, जवळजवळ ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत जपली. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं. जुन्या नोंदी संगणकावर चढवताना हे सगळं आडवं येतं. प्रमाणवेळ हा माणसांनी केलेला ठराव आहे, सूर्य काही तो पाळत नाही. ती साडेब्याऐंशी रेखांशाची. भंडारा त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य सुमारे ११ मिनिटं मागे.

तेव्हा नियम एकच : साठवायचे ते सेकंद, वजाबाकी करायची ती सेकंदांची, आणि रूपांतर फक्त माणसाला दाखवताना, तेही स्वतःच्या जागेत. बोर्डवर हा आकडा ६४ बिटचा आहे ना, तेही तपासा. ३२ बिटचा असेल तर १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर तो उलटा फिरेल.

दोन थ्रेडचा तो प्रयोग जेमतेम तीस ओळींचा आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला नक्की करून बघा!