‘मी केले’ की ‘मला करावे लागले’? : विज्ञानकथात्मक व्हिडिओ गेममधील निवेदन

कादंबरीविषयी बोलताना वाचक ‘शेवटी नायक मरतो’ असे म्हणतो. व्हिडिओ गेम खेळणारा विद्यार्थी मात्र ‘त्या बोगद्यात मी तीनदा मेलो’ असे सहज म्हणून जातो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. कथनमीमांसेत लेखक, निवेदक, पात्र आणि वाचक या भूमिका आपण काळजीपूर्वक वेगळ्या ठेवतो. वरील वाक्यात त्यांपैकी शेवटच्या दोन एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. त्या खरोखर मिसळतात काय, आणि मिसळत असल्यास कितपत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या खेळांनी मुले बिघडतात की कसे, हा प्रश्न येथे अभिप्रेत नाही. पालकसभांतून त्याची चर्चा पुरेशी होत असते.

विवेचनासाठी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने तयार केलेला आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेला ‘हाफ-लाइफ’ हा खेळ घेऊ. त्याच्या कथालेखनात मार्क लेडलॉ या विज्ञानकादंबरीकाराचा प्रमुख वाटा होता, ही बाब साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. गॉर्डन फ्रीमन हा पदार्थवैज्ञानिक न्यू मेक्सिकोतील ‘ब्लॅक मेसा’ नामक भूमिगत प्रयोगशाळेत कामावर निघाला आहे, येथे कथा सुरू होते. पडद्यावर जे दिसते ते सर्व फ्रीमनच्या डोळ्यांना दिसणारे असते. तो स्वतः एक शब्दही बोलत नाही. निवेदक नाही, स्वगत नाही. जे कळते ते भिंतीवरच्या पाट्यांवरून, सहकाऱ्यांच्या बोलण्यावरून आणि पुढे उद्ध्वस्त दालनांवरून. आरंभीचा प्रवास एका लहानशा रेल्वेडब्यात घडतो. खेळणारा त्या डब्यात फिरू शकतो, कोणत्याही खिडकीतून बाहेर पाहू शकतो. डबा मात्र ठरलेल्या रुळावरूनच जातो. संपूर्ण खेळाची कथनरीती या एका डब्यात सामावलेली आहे.

पुढे फ्रीमनला प्रयोगकक्षात पाठवले जाते. एका स्फटिकाचा नमुना चाकांच्या गाडीवर ठेवलेला असतो आणि ती गाडी यंत्राच्या किरणझोतात ढकलावयाची असते. काहीतरी बिनसणार, याची सूचना खेळणाऱ्याला आधीच मिळालेली असते. कादंबरीत या ठिकाणी वाचक पान उलटतो आणि दुर्घटना नायकाच्या हातून घडते. येथे गाडी खेळणाऱ्याने स्वतः ढकलल्याखेरीज कथा तसूभरही सरकत नाही. तो न ढकलता हवा तितका वेळ उभा राहू शकतो. पण मग कथाच उरत नाही. अखेर तो ढकलतो, परग्रहाचे दार उघडते, सहकारी मरू लागतात.

या क्षणाचे वर्णन मराठी वाक्यरचना फार नेमके करते. ‘मी गाडी ढकलली’ आणि ‘मला गाडी ढकलावी लागली’ या दोन वाक्यांत क्रिया तीच आहे, हातही तेच आहेत. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘मी’ चतुर्थीत जातो आणि ‘लागणे’ या सहायक क्रियापदामागे कोणा अनुल्लेखित सत्तेची सक्ती उभी राहते. कथाप्रधान खेळातील खेळणारा या दुसऱ्या वाक्यात वावरत असतो. कृती त्याची, निवड दुसऱ्याची. तरीही कृतीची टोचणी त्यालाच लागते, आणि माझ्या मते या कलाप्रकाराचे वेगळेपण त्या टोचणीत आहे. चित्रांच्या झगमगाटात नव्हे. ‘हाफ-लाइफ’चा शेवट तर या सक्तीवरचे भाष्यच वाटावे असा आहे. सूट घातलेला एक गूढ गृहस्थ फ्रीमनपुढे नोकरीचा प्रस्ताव ठेवतो. होकार दिला तर त्याची चाकरी; नकार दिला तर निःशस्त्र अवस्थेत शत्रूंच्या घोळक्यात मृत्यू. पुढे ‘मास इफेक्ट’सारख्या (२००७) खेळांनी संवादांतून अनेक पर्याय दिले, तथापि तेही कोणीतरी आधी लिहून ठेवलेलेच असतात.

पर्यायाचा विषय मराठी विज्ञानकथेला अपरिचित नाही. पुण्याला कर्मभूमी मानणाऱ्या जयंत नारळीकरांच्या (१९३८–२०२५) ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात, जेथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकले. इतिहासाचा हा फाटा गंगाधरपंत निवडत नाहीत. ते त्यात सापडतात. त्यांची फजिती, त्यांचे कुतूहल आपण बाहेरून पाहतो. एक फाटा दुसऱ्याशेजारी ठेवून तुलना करण्याची मोकळीक कथा वाचकाला देते. फ्रीमनच्या डोळ्यांतून पाहणाऱ्याला एवढे अंतर मिळत नाही. तुलना करायची तर त्याला मरून पुन्हा यावे लागते.

पुण्यातच घडलेल्या एका खेळाकडे आता वळू. नॉडिंग हेड्स गेम्स या येथील संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० साली प्रसिद्ध झाला. तो विज्ञानकथात्मक नाही, पौराणिक आहे. नारळीकरांच्या गावात विज्ञानकथेचा वारसा इतका भक्कम असता या मंडळींनी असुरांकडे वळावे, याची गंमत वाटते. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला राजी शोधत निघते. येथे निवेदक आहेत, आणि ते साक्षात दुर्गा व विष्णू. राजीची धडपड पाहत ते आपसांत बोलतात, तिची पारख करतात. संस्कृत नाटकातील सूत्रधार आणि त्याचा साथीदार प्रयोग संपेपर्यंत रंगमंचावरच थांबले, असे वाटते. कथेचा काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपात येतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती रीत ओळखीची वाटेल. शिवाय राजी आपल्याला दुरून, पूर्णाकृती दिसते. त्यामुळे पात्र आणि खेळणारा यांत ‘हाफ-लाइफ’मध्ये न दिसणारे अंतर येथे डोळ्यांसमोर असते.

तरीही दोन्ही खेळांविषयी बोलताना ‘मी’ सुटत नाही. येथे प्रमाण मराठीचे लिंग उपयोगी पडते. राजी ही मुलगी आहे. पण तिला खेळवणारा मुलगा ‘मी कड्यावरून पडले’ असे म्हणत नाही, ‘पडलो’ असेच म्हणतो. त्याचप्रमाणे फ्रीमनच्या रूपाने लढणारी विद्यार्थिनी ‘मी मेले’ म्हणते. इंग्रजी वाक्यात हा भेद झाकला जातो. मराठी क्रियापद मात्र सांगून टाकते, की ‘मी’ने पात्राचे हातपाय घेतले, त्याचा मृत्यूही घेतला, पण ओळख घेतली नाही.