इंद्रभुवन : प्रासादातलं कार्यालय

सोलापुरातले धनाढ्य व्यापारी रावबहादूर अप्पासाहेब वारद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या हौसेनं उभारलेला प्रासाद म्हणजे इंद्रभुवन. गिरण्यांच्या भरभराटीच्या त्या काळाचा थाट त्याच्या नक्षीदार दर्शनी भागावर अजून दिसतो. 1 मे 1964 रोजी सोलापूर नगरपालिकेची महापालिका झाली. महापालिकेचं कार्यालय याच प्रासादात असल्यानं आज शहराचा कारभार आणि ही वास्तू यांची नावं जोडीनंच घेतली जातात.

जानेवारी 2016 मध्ये देशातल्या पहिल्या 20 स्मार्ट शहरांत सोलापूरची निवड झाली आणि त्या योजनेतून इंद्रभुवनच्या जतनाचं काम हाती घेतलं गेलं. सरकारी कार्यालयासाठी वारसा वास्तू पाडण्याऐवजी ती दुरुस्त करून वापरायची, हा निर्णय मला मनापासून पटतो. पण रंगरंगोटी आणि रोषणाईवर हे काम संपत नाही.

प्रासाद बांधला जातो तो घरच्यांसाठी आणि निमंत्रितांसाठी. महापालिकेत मात्र कुणीही येतं. घरपट्टी भरायला आजोबा येतात, जन्मदाखल्यासाठी तान्हं बाळ कडेवर घेऊन आई येते, जन्मभर मांडी घालून विड्या वळल्यानं गुडघे धरलेली शहराच्या पूर्व भागातली बाई येते. मालकाची प्रतिष्ठा वाढवणारं उंच जोतं आणि दाराचा उंबरा त्यांना अडवतो.

त्यावर उतार करू म्हणणं सोपं आहे. व्हीलचेअरसाठीच्या रॅम्पचं प्रमाण 1:12 असतं, म्हणजे 1 फूट उंची चढायला 12 फूट उतार. जोतं 3 फूट असेल तर 36 फूट झाले, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडे हवेत. बऱ्याच कार्यालयांत जागा पुरत नाही म्हणून घसरगुंडीसारखा तीव्र उतार केला जातो. त्यावरून माणूस चढू शकत नाही आणि उतरताना जिवाला धोका. जुन्या वास्तूत रॅम्प बाजूच्या दाराशी न्यावा, मूळ दगडाला धक्का न लावता, पुढेमागे काढता येईल असा बांधावा. मात्र ते बाजूचं दार सगळ्यांसाठीच उघडं असावं. दिव्यांगांना मागल्या दारानं घेणं हा त्यांचा अपमान आहे.

याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी उपाय म्हणजे नागरिकांची सगळी कामं तळमजल्यावर आणणं. कर, पाणीपट्टी, दाखले, परवाने यांसाठी वेगवेगळ्या खोल्या हव्यात कशाला? एकाच दालनात सामाईक खिडक्या असाव्यात आणि त्यातली निदान एक खिडकी बसून बोलता येईल इतक्या उंचीची असावी. बैठकीची खोली प्रत्येक खात्याला वेगळी नको, पाळीपाळीनं वापरावी. आपल्या कार्यालयांच्या व्हरांड्यांत लोखंडी कपाटं आणि लाल फडक्यात बांधलेले दप्तराचे गठ्ठे असतात. ते एका अभिलेख कक्षात गेले की व्हरांडा बसायला मोकळा होतो, वाराही खेळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात जुन्या उंच छताखाली खोटं छत ठोकून वातानुकूलन यंत्रं लावणं हा वीज आणि वास्तू दोन्हींचा नाश आहे.

कायद्यानं तर यासाठी मुदतच घातली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार, नियम अधिसूचित झाल्यापासून 5 वर्षांत सर्व सार्वजनिक इमारती सुगम व्हायला हव्या होत्या. जून 2017 च्या नियमांची ती मुदत जून 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक नकोत, बंधनकारक हवेत, असा निकाल दिला.

सोलापुरात मराठीइतक्याच सहजपणे तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. म्हणून फलकांवर मोठी चित्रचिन्हं हवीत, आणि दृष्टिहीनांसाठी ब्रेल व स्पर्शानं कळणारी वाट. हे सगळं कागदावर आखण्याआधी व्हीलचेअरवरचा एक नागरिक, एक दृष्टिहीन तरुण आणि गुडघे दुखणाऱ्या एक आजी यांना अभियंत्यांनी सोबत घ्यावं आणि फाटकापासून खिडकीपर्यंत त्यांच्या वेगानं चालावं. सुरुवात विभागीय कार्यालयांपासून केली तरी चालेल. तिथं काम सोपं आहे आणि लोकांची रोजची ये-जा तिथंच जास्त असते.