बायोडिझेल म्हणजे टाकीत ओतलेले तेल नव्हे

गाळलेले खाद्यतेल टाकीत ओतले की झाले बायोडिझेल, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असते. ते इंजिनात नीट फवारले जात नाही आणि काजळी धरते. तेलाचा रेणू म्हणजे एका देठाला लटकलेल्या शेवग्याच्या तीन शेंगा. मिथेनॉल आणि थोडा उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) घालून तेल तापवले, की शेंगा देठापासून सुटून मिथेनॉलशी जोडल्या जातात. देठ म्हणजे ग्लिसरीन. ते जड असल्याने तळाशी बसते. वर राहते ते पातळ, सोनेरी बायोडिझेल.

मग खायचे तेल जाळायचे का, हा आक्षेप रास्तच आहे. गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाला ते परवडणार नाही. अखाद्य तेल देणाऱ्या मोगली एरंडावर मोठी भिस्त होती, पण पडीक जमिनीत पाण्यावाचून त्याचे पुरेसे उत्पन्न आले नाही. खरी संधी आहे ती फरसाणवाल्यांच्या कढईत उरणाऱ्या तेलात. त्यातील ध्रुवीय संयुगे (तळताना तेलाचे विघटन होऊन बनणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली, की ते स्वयंपाकाला चालत नाही. असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये आणली. एवढ्यावर देशाची डिझेलची सगळी गरज भागणार नाही, हे खरे. त्याच वर्षीच्या जैवइंधन धोरणानेही २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलच्या मिश्रणाचेच उद्दिष्ट ठेवले आहे. मात्र या वाटेने इंधनासोबत आरोग्यही सांभाळले जाते, कारण टाकीत गेलेले काळे तेल पुन्हा कुणाच्या भज्यांसाठी कढईत पडत नाही.