नव्या दिवाणखान्यांतील स्टीरिओ

पेण काय किंवा रोहें काय, गेल्या कांहीं वर्षांत दोन्ही गांवांतील घरांचें रूप झपाट्यानें पालटत चाललें आहे. कौलारू घर उतरवून त्या जागीं सिमेंटची इमारत उठते, आणि मंडळी नव्या जागेंत राहावयास गेली कीं दिवाणखान्यासाठीं हौसेनें ज्या वस्तू आणल्या जातात त्यांत गाण्याचा स्टीरिओही असतो. तो विकत घेतांना मनुष्य दहा दुकानें पालथीं घालतो. परंतु घरीं आणल्यावर तो कोठें व कसा मांडावा याचा विचार दहा मिनिटेंही करीत नाहीं. एक पेटी कपाटाच्या माथ्यावर, दुसरी खिडकीच्या कोपऱ्यांत, अशी जागा मिळेल तशी मांडणी होते. मग घरांतील वडील माणसें कुरकुरूं लागतात: जुन्या घरीं साध्या रेडिओवर गाण्याचा शब्द न् शब्द कळत असे, येथें एवढें यंत्र आणलें तरी नुसता कोलाहल! मुलें म्हणतात, आजोबांचे कान गेले. आमच्या मतें बहुतेक ठिकाणीं आजोबांचें म्हणणें खरें असतें, व त्याचें कारण यंत्रांत नसून खोलींत असतें. तें कसें, हें समजून घेण्यासारखें आहे.

जुन्या घराची रचना आठवून पाहावी. जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या खडबडीत भिंती, खालीं शेणानें सारवलेली जमीन, वर कौलें, आणि पुढें मोकळी ओटी. कौलांच्या फटींतून जसा चुलीचा धूर निघून जाई तसाच आवाजही निघून जाई. तो परतून येत नसे. उरलासुरला आवाज माजघरांतील गोधड्यांच्या चवडी आणि भाताचीं पोतीं गिळून टाकीत. नव्या दिवाणखान्याची स्थिति याच्या अगदीं उलट आहे. खालीं गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंस घोटलेला गिलावा आणि एका अंगास कांचेची सरकती खिडकी. या सर्वांवर आवाज आपटतो आणि जवळ जवळ जसाच्या तसा मागें फिरतो. सामान येण्यापूर्वीं अशा खोलीच्या मध्यभागीं उभें राहून एक टाळी वाजवावी, म्हणजे आम्ही काय म्हणतों याचा तत्काळ प्रत्यय येईल.

आवाजाचें हें रेंगाळणें मोजण्याची रीत वॉलेस सॅबिन या अमेरिकन अध्यापकानें शोधून काढली. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांतील नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कोणास कळेना, म्हणून १८९५ सालीं तें काम त्याच्याकडे सोंपविण्यांत आलें. तेथें उच्चारलेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. रात्रीं बाहेर निवांत झाल्यावर सॅबिननें जवळच्या नाट्यगृहांतील गाद्या उचलून आणाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवावी, आणि आवाज विरण्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर मोजावें, असा क्रम चालविला. त्यांतून निघालेला नियम शाळेंतील मुलासही वापरतां येईल इतका सोपा आहे. खोलीचें घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६ नें गुणावें, आणि खोलींतील सर्व वस्तू मिळून जेवढा आवाज शोषतात त्या अंकानें भागावें. उत्तर सेकंदांत येतें. शोषणाचें माप सॅबिननें उघड्या खिडकीवरून धरिलें, कारण तींतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाहीं. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक अंक.

आतां पांच मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद व तीन मीटर उंच असा दिवाणखाना घेऊं. घनफळ साडेबावन्न घनमीटर. जमीन, छत व भिंती मिळून पृष्ठभाग ८६ चौरस मीटर. परंतु फरशी व गिलावा यांवर पडलेल्या आवाजाचा शंभरांतील तीन-चार भागच शोषला जातो, म्हणून शोषणाचा अंक जेमतेम साडेतीन. हिशेब केला असतां रेंगाळण्याचा काळ सुमारें अडीच सेकंद निघतो. घरगुती खोलींत गाणें स्पष्ट ऐकूं येण्यास तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा लागतो, व त्यासाठीं शोषणाचा अंक सतरापर्यंत न्यावा लागतो. अडीच सेकंदांत गायक कितीतरी अक्षरें उच्चारून मोकळा होतो, आणि प्रत्येक अक्षराचा स्वर पुढील अक्षरावर चढून बसतो. ‘टाळ’, ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांतील भेद एका व्यंजनाचा. व्यंजन क्षीण आणि क्षणिक, स्वर बळकट आणि लांबणारा. बुडतें तें व्यंजनच. वय झालेल्या माणसास उंच पट्टीचे सूक्ष्म ध्वनी आधींच कमी ऐकूं येतात, व व्यंजनांची ओळख बहुतांशीं त्या ध्वनींवर अवलंबून असते. म्हणून घरांत सर्वांच्या आधीं आजोबांचा शब्द हरवतो. आवाज मोठा केल्यानें उपयोग नाहीं, कारण गाण्याबरोबर घुमणेंही तितकेंच मोठें होतें. आपल्या मराठी मंडळींचें गाणें ऐकणें म्हणजे पुष्कळ अंशीं शब्द ऐकणें असतें. भावगीताचा शब्द कळला नाहीं तर तें यंत्र आणून घरांतील एका माणसास गाण्याबाहेर बसविल्यासारखें झालें.

उपाय महाग नाहींत. पातळ सतरंजी मात्र पुरेशी नाहीं. ती केवळ उंच ध्वनी शोषते, खालच्या पट्टीचे तसेच ठेवते, व गाणें मंद होऊनही घुमत राहतें. जाडी पाहिजे. कापसाची गादी व तक्के घातलेली भारतीय बैठक, जाड चुण्यांचे पडदे, पुस्तकांनीं भरलेलें उघडें कपाट, हीं सर्व उत्तम शोषकें होत. मनुष्य स्वतःही चांगला शोषक आहे, म्हणून पाहुण्यांनीं भरलेल्या खोलींत गाणें सुधारल्यासारखें वाटतें. घोंगडी किंवा गोधडी टांगावयाची असेल तर ती भिंतीस चिकटवूं नये, तीन-चार इंच पुढें सोडावी. भिंतीला लागून हवेचे कण हलूंच शकत नाहींत. लहरीच्या चतुर्थांशाइतक्या अंतरावर त्यांची हालचाल सर्वांत अधिक असते, आणि कापडाच्या धाग्यांत ती हालचाल अडली म्हणजेच आवाज मरतो. सेकंदास हजार कंपनांच्या स्वराची लहर सुमारें ३४ सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश साडेआठ. तीन-चार इंचांचें गमक हें आहे. खिडकी उघडी ठेवणें हा तर फुकटचा उपाय, परंतु पेण येथें महामार्गाजवळ ज्यांचें घर आहे त्यांस तो कितपत परवडेल, आणि रोह्यास शेजाऱ्यांस आपलें गाणें कितपत रुचेल, हें ज्याचें त्यानें पाहावें.

खोली वश झाली म्हणजे पेट्यांकडे वळावें. स्टीरिओंत दोन पेट्या कां, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. एकीपेक्षां दोन मोठ्यानें वाजतात म्हणून नव्हे. आपल्या दोन कानांस एकच ध्वनि किंचित् पुढेंमागें व किंचित् कमीअधिक पोंचतो आणि त्यावरून मन दिशा ठरवितें. हा भेद सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. इंग्लंडांतील ॲलन ब्लमलीन या इंजिनिअरनें १९३१ सालीं याच तत्त्वावर पेटंटासाठीं अर्ज केला. बोलपटांत नट पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून येई, हें पाहून त्यास ही कल्पना सुचली असें सांगतात. अशा ध्वनिमुद्रिका बाजारांत येण्यास मात्र १९५८ साल उजाडावें लागलें. ब्लमलीन १९४२ सालींच विमान-अपघातांत मरण पावला होता.

यावरून मांडणीचा नियम आपोआप निघतो. दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. सात-आठ फुटांची बाजू आपल्याकडील खोल्यांस पुरते. ऐकणारा एका पेटीकडे एक फूट जरी अधिक सरकला तरी तिचा आवाज त्याच्याकडे सुमारें एक सहस्रांश सेकंद आधीं पोंचतो, आणि सारें गाणें त्याच पेटींतून येत असल्याचा भास होतो. उंच ध्वनींचा लहान स्पीकर कानाच्या पातळींत असावा. येथें सोफ्यावर बसणाऱ्यांचा कान जमिनीपासून सुमारें एक मीटर, तर बैठकीवर बसणाऱ्यांचा पाऊण मीटर, हें ध्यानांत घ्यावें. कपाटाच्या माथ्यावर ठेवलेली पेटी छताला गाणें ऐकविते. पेटीच्या मागील तांबड्या खुणेची तार अॅम्प्लिफायरच्या तांबड्या खुणेसच जोडावी, काळी काळीस. एका पेटीची जोडणी उलट झाली तर एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो, खर्जाचा आवाज नाहींसा होतो, आणि गायक कोठें उभा आहे तें कळेनासें होतें. परीक्षा सोपी आहे: बातम्या सांगणाऱ्याचा एकटा आवाज लावावा. तो दोन्ही पेट्यांच्या मधोमध, जेथें कांहींच ठेवलेलें नाहीं अशा जागेवरून आला पाहिजे.

भिंतीवर गोधडी नेमकी कोठें टांगावी हें ठरविण्यास आरशाहून चांगलें साधन नाहीं. एकानें ऐकण्याच्या जागीं बसावें, दुसऱ्यानें बाजूच्या भिंतीवरून आरसा हळू हळू सरकवीत न्यावा. बसलेल्यास आरशांत जेथें पेटी दिसेल तेथेंच ध्वनीचा पहिला आघात होऊन तो कानाकडे वळतो. प्रकाशाचा पतनकोन व परावर्तनकोन यांचा जो नियम आमचे विद्यार्थी घोकतात, तोच येथें लागू पडतो.

खर्जाचें प्रकरण अधिक अवघड आहे, कारण तेथें कापड चालत नाहीं. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर. पांच मीटर लांबीच्या खोलींत सेकंदास सुमारें ३४ कंपनांच्या स्वराची अर्धी लहर दोन भिंतींच्या मध्यें बरोबर बसते व तो स्वर फुगतो. साडेतीन मीटरच्या रुंदीस ४९ कंपनांचा, तीन मीटरच्या उंचीस ५७ कंपनांचा. यांच्या दुपटीही तशाच फुगतात. खोली चौरस असेल तर लांबी व रुंदी एकाच स्वरास फुगवितात, म्हणून पेट्यांसाठीं लांबट खोली बरी. पेटी कोपऱ्यांत ढकलली कीं हे सारे स्वर जोरानें जागे होतात. तिला मागील भिंतीपासून दीड-दोन फूट पुढें ओढावें. ऐकणाऱ्याचा सोफाही मागील भिंतीस टेकलेला नसावा. तपासण्यासाठीं आम्ही तबला-डग्ग्याची ध्वनिमुद्रिका लावण्याची शिफारस करितों. शाईमुळें या वाद्यांचे उपस्वर सुरेल जुळतात, हें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं दाखविलें. डग्ग्याची प्रत्येक थाप सुरू झालेली व संपलेली कळली पाहिजे. ती संपतच नसेल, तर पेटी अर्धा अर्धा फूट हलवून पुन्हा ऐकावें. या कामीं घाई करूं नये. एक रविवार सहज जातो.

वॅटांविषयीं थोडक्यांत सांगतों. दुकानांत हल्लीं वॅट हे भाताच्या मणांसारखे मोजले जातात. परंतु आवाज दुप्पट भासण्यास वॅट दुप्पट नव्हे, सुमारें दहापट लागतात. साध्या दिवाणखान्यांत रोजच्या ऐकण्यास एक-दोन वॅट पुरतात, बाकीचे तबल्याच्या आकस्मिक थापेसाठीं राखीव. तेव्हां अधिक वॅटांस पैसे देण्यापेक्षां चांगल्या पेट्यांस द्यावे.

कोंकणच्या पावसाळ्याचा निराळा विचार करावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीस ओल येते, म्हणून तिच्यालगत यंत्र ठेवूं नये. दमट हवेनें कागदी पडदे बुरसतात, त्यांच्या कडेचा फोम गळून पडतो, आणि तांब्याच्या तारांचीं टोकें हिरवीं होतात. तीं वर्षांतून एकदां कापून नवीं सोलावीं. आषाढ-श्रावणांत यंत्र रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावें, म्हणजे आंतील उबेनें ओल टिकत नाहीं. पेटींतून सारखी गुणगुण येऊं लागली तर कांहीं लोक प्लगचा जाड तिसरा खिळा काढून टाकतात. गुणगुण कदाचित् थांबते, पण विजेच्या धक्क्यापासूनचें संरक्षणही त्याबरोबर जातें. असें कदापि करूं नये. वळवाच्या व परतीच्या पावसांत विजा कडाडूं लागण्यापूर्वींच प्लग बाहेर काढावा, आणि बाहेरून आलेली केबलची तारही.

भाद्रपदांत मखरासाठीं पुष्कळ घरीं हाच दिवाणखाना रिकामा करावा लागतो, आणि पेट्या कोठें तरी पलंगाखालीं जातात. त्याआधीं प्रत्येक पेटीच्या चारी कोपऱ्यांशीं फरशीवर रंगाचे चार बारीक ठिपके द्यावे. विसर्जनानंतर मापाची फीत पुन्हा शोधावी लागत नाहीं.